डाव्या टाकीवरचा लाल फुगा

धाकटीच्या वाढदिवसाला आणलेल्या फुग्यांचं पाकीट तुम्ही परत गेल्यावर मला सोफ्याखाली सापडलं. अर्धं भरलेलं होतं. मी त्याला रबर लावलं आणि मेणबत्त्यांच्या डब्यात ठेवून दिलं. त्यातला एक लाल फुगा पुढे विमानाला लागला. हे तुम्हाला फोनवर सांगायला घेतलं तर तुमची शाळेची बस आली. पुन्हा सांगायला गेले तर तुमची झोपायची वेळ झाली. म्हणून आता लिहूनच काढते. थोरल्याने स्वतः वाचायचं, अडलं तर आईला विचारायचं आणि धाकटीला वाचून दाखवायचं.

आजोबांचं विमान तुम्ही पाहिलं आहे. तेव्हा त्याला पंख नव्हते, ते बाजूला टेबलावर पडले होते, आणि धाकटीने विचारलं होतं, "हे कुणी मोडलं?" कुणी मोडलेलं नाही, अजून जोडलेलं नाही. दोन माणसांचं, अ‍ॅल्युमिनियमचं छोटं विमान. त्याचे सुटे भाग पेट्यांमधून आले आणि बाकीचं सगळं घरी करायचं. आजोबांनी उभं आयुष्य विमानांच्या कारखान्यात काढलं, पण तिथे त्यांच्या हाताला नेहमी विमानाचा एखादा तुकडाच यायचा. निवृत्तीनंतर एक अख्खं विमान आपल्या हातून व्हावं असं त्यांच्या मनाने घेतलं.

त्याआधीचं एक वर्ष ते माझ्या स्वयंपाकघरात होते. मसाल्याच्या डब्यांना त्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या. मग डबे उंचीप्रमाणे लावले. मग आठवड्याला मोहरी किती लागते ते विचारलं. मी शिस्तीची बाई आहे, पण एका स्वयंपाकघरात शिस्तीची दोन माणसं मावत नाहीत. त्यामुळे विमानाच्या पेट्या आल्या तेव्हा सगळ्या नातेवाइकांमध्ये सर्वांत जास्त आनंद मला झाला.

आपल्या फ्लॅटमध्ये विमान मावणार नव्हतं. ते वणीच्या रस्त्यावर, बागवाल्या आजोबांच्या शेडमध्ये आहे. बागवाले आजोबा म्हणजे आजोबांचे शाळेतले मित्र. त्यांच्या बागेत तुम्ही मागे एका उन्हाळ्यात पोट दुखेपर्यंत द्राक्षं खाल्ली होती. द्राक्षं निघतात तेव्हा शेडमध्ये पॅकिंग चालतं, एरवी ती रिकामीच असते. आम्ही सकाळी डबा घेऊन गाडीने जातो आणि ऊन उतरलं की परत येतो.

शेडच्या भिंतीवर आजोबांनी खडूने दोन नियम लिहिले आहेत. दोन्ही कारखान्यातले. पहिला: हत्यारं मोजून घ्यायची, मोजून परत ठेवायची. एखादा पाना विमानाच्या पोटात राहून गेला तर काय होईल, याचा विचार करा म्हणजे नियम कळेल. दुसरा: जे उघडलं, ते पुन्हा तपासायचं. एखादं झाकण मिनिटभर जरी उघडलं असेल, तरी ते बसवल्यावर तपासणी पहिल्यापासून. बागवाले आजोबा या नियमांना 'साहेबाचा मंत्र' म्हणतात.

माझं काम वाचनाचं. विमानासोबत आलेलं माहितीपुस्तक अमेरिकन इंग्रजीत आहे. मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं, पण हे इंग्रजी मी कुठे शिकवलं नव्हतं. त्यात एका ठिकाणी लिहिलंय की अमुक नळी अमुक जागी 'आरामात' बसली पाहिजे. आता नळीने आरामात बसायचं म्हणजे किती घट्ट, यावर आमचा अर्धा दिवस गेला. शेवटी आजोबा म्हणाले, "घट्ट, पण चिडून नाही." मी तसंच समासात लिहून ठेवलं.

पेट्रोलच्या टाक्या पंखातच असतात, डाव्या पंखात एक आणि उजव्या पंखात एक. टाकी म्हणजे पत्र्याची लांबट पेटी. तिचा प्रत्येक सांधा, प्रत्येक रिव्हेट (म्हणजे पत्रे जोडणारा खिळा) एका लुकणाने बुजवायचा, म्हणजे पेट्रोल झिरपणार नाही. हे लुकण दोन डब्यांत येतं. पांढऱ्याचे दहा भाग, काळ्याचा एक. वजन माझ्या केक करायच्या काट्यावर करतो (आता त्या काट्यावर केकचं काही मोजलं जात नाही, काळजी नको). दोन्ही कालवलं की राखी रंगाचा चिकट गोळा होतो आणि त्याला पादेलोणासारखा वास येतो. पादेलोण म्हणजे काळं मीठ. धाकटी या शब्दाला हसणार हे मला माहीत आहे, म्हणूनच लिहिलाय. एकदा कालवलं की ते हळूहळू आवळत जातं, म्हणून हात भराभर चालवावा लागतो. ते हातमोज्यांना लागतं, हातमोज्यांवरून चष्म्याला, चष्म्यावरून केसांना. माझ्या अंबाड्यात एकदा त्याचा एवढा मोठा ठिपका सापडला की कात्री लावावी लागली.

सगळ्यात शेवटी टाकीची मागची बाजू बसवतात. आजोबा तिला टाकीची पाठ म्हणतात. पाठ एकदा बसली की आत पुन्हा डोळ्यांनी काही दिसत नाही. आत आपण काय केलंय ते फक्त हवा सांगते. टाकीची सगळी तोंडं बंद करायची, एका नळीला फुगा बांधायचा आणि सायकलच्या पंपाने अगदी थोडीशी हवा भरायची. फुगा उभा राहिला की तसाच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तो उभा असेल तर टाकी चांगली. पडला असेल तर कुठेतरी भोक आहे.

उजव्या टाकीचा फुगा पडला होता. साबणाचं पाणी लावल्यावर पाठीच्या कोपऱ्यात बुडबुडे आले. आजोबांनी पाठ उघडली. सगळा पावसाळा ते लाकडी पट्टीने ते वाळलेलं लुकण खरवडत बसले होते. तुम्ही आलात तेव्हा त्यांचा उजवा खांदा दुखत होता, तो त्यानेच. तुम्हाला त्यांनी सांगितलं होतं की झोपेत अवघडला. उजवी टाकी शेवटी नीट झाली, पण ती झाली त्या दिवशी ते मला गाडीत म्हणाले, "डावीचीही पाठ उघडावी लागली, तर मी थांबणार. पुन्हा खरवडणं माझ्याच्याने होणार नाही. कुणा तरुण माणसाला देऊन टाकू सगळं."

"बरं," मी म्हटलं. आजोबा उगाच बोलत नाहीत. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी मसाल्याच्या डब्यांकडे पाहिलं. पण खरं सांगायचं तर मला डब्यांची चिंता नव्हती. अर्धं विमान देऊन टाकलेला माणूस घरात कसा बसेल, ते मला दिसत होतं.

डाव्या टाकीची पाठ आम्ही नवरात्राच्या आधी बसवली. ती सुकल्यावर आजोबांनी टोपणापासून सुरुवात केली. टाकीचं तोंड बाटलीच्या झाकणाएवढंच, पण टोपणाच्या आतल्या बाजूला ग्रीस लावलेलं रबरी कडं असतं. टोपण घट्ट बसवलं, थोडी हवा भरली, साबण लावला. एक बुडबुडा नाही. टोपणावर त्यांनी निळी टेप चिकटवली आणि टेपवर हिरव्या पेनाने बरोबरची खूण केली. ती खूण लक्षात ठेवा. फुग्याची मोठी परीक्षा दसऱ्यानंतर ठेवली, कारण नवरात्रात त्या रस्त्यावरून गडावर देवीच्या दर्शनाला चालत जाणाऱ्या लोकांची रीघ असते, शेडमध्ये पाणी प्यायला माणसं येतात, आणि फुग्याला शांतता लागते.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात. बागवाल्यांच्या घरी छाटणीच्या कात्र्या, फवारणीचं यंत्र, ट्रॅक्टर, सगळं धुऊन मांडलं होतं. आजोबांनीही आपले पाने, ड्रिल आणि पंप एका फळीवर मांडले. (मोजून.) बागवाल्या आजी हळदकुंकू, झेंडूची फुलं आणि कुंकू लावलेले तांदूळ घेऊन आल्या. ट्रॅक्टर झाला, कात्र्या झाल्या, मग त्या टाकीपाशी थांबल्या.

"भावजी, हे काय हाय?"

"टाकी. पेट्रोलची."

"म्हणजे भांडंच झालं ना. मग तोंड बांधून ठेवलंय व्हय? भरल्या घरात भांड्याची पूजा तोंड बांधून करत नाय कोणी. उघडा."

"वहिनी, आत काही जाता कामा नये."

"आत कशाला जाईल? मी काय आंधळी हाय?"

बागवाले आजोबा ट्रॅक्टरला टेकून उभे होते. ते म्हणाले, "उघड रे साहेब. तुझ्या कारखान्यात तू ऐकत नव्हतास कोणाचं, इथं ऐकावं लागतं. मला बघ, चाळीस वर्षं ऐकतोय."

आजोबांनी टेप कडेने हळूच सोडवली, टोपण काढून हातात धरलं. बागवाल्या आजींनी टाकीला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि तांदळाची चिमूट उधळली. त्याच क्षणी आजोबांनी टाकीच्या तोंडावर पालथा पंजा ठेवला. गोलकीपरसुद्धा इतक्या चपळाईने हात घालत नसेल. तांदूळ त्यांच्या हाताच्या पाठीवरून उडाले आणि पत्र्यावर टणटण करत खाली गेले. सगळे हसले. आजोबांनी ब्रशने पत्रा झाडला, तोंडाची कड पुसली, आत टॉर्च मारून पाहिलं. एक कण नव्हता. त्यांनी टोपण बसवलं आणि तीच निळी टेप, हिरव्या खुणेसकट, पुन्हा दाबून चिकटवली.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी मी फुग्यांचं पाकीट घेऊन गेले. आजोबांनी लाल निवडला, लांबून दिसतो म्हणून. हवा भरल्यावर तो टाकीवर असा ताठ उभा राहिला की बागवाले आजोबा म्हणाले, "काय वैनी, विमानाचा पण वाढदिवस का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेडचं शटर वर केलं, तर फुगा टाकीच्या कडेवर आडवा पडलेला.

"थंडीने पडला असेल," मी म्हटलं. आत अडकलेली हवा गार झाली की आकसते, हे पुस्तकात होतं.

"थंडीने ढिला होतो," आजोबा म्हणाले. "आडवा होत नाही."

त्यांनी साबणाचं पाणी केलं आणि ब्रश घेऊन बसले. पाठीची कड आधी, मग कोपरे, मग एकेक रिव्हेट. मी टॉर्च धरला होता. कुठेही बुडबुडा नाही. फुगा पुन्हा बांधला, हवा भरली, दुपारपर्यंत तो पुन्हा मान टाकायला लागला. पुन्हा साबण, पुन्हा काही नाही. टोपणावर टेप होती आणि टेपवर हिरवी खूण होती, म्हणून तिकडे आमचा ब्रश गेलाच नाही. मी स्वतः त्या खुणेवरून दहा वेळा टॉर्च फिरवला असेल.

त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. शेवटी आजोबांनी ब्रश बादलीत ठेवला. "बाहेर दिसत नाही म्हणजे आतल्या घडीतून जात असणार," ते म्हणाले. "पाठ उघडल्याशिवाय कळायचं नाही."

उघडायचं म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आजोबांनी हत्यारं मोजली आणि जागच्या जागी ठेवली. रोज ते दुसऱ्या दिवशी लागणारी हत्यारं वेगळ्या ट्रेमध्ये काढून ठेवतात. त्या दिवशी ट्रे रिकामा राहिला. तो मी पाहिला, आणि मी पाहिला हे त्यांनी पाहिलं.

"उद्या एकाशी बोलतो," ते म्हणाले. "अंबडला एक मुलगा आहे वर्कशॉपमध्ये, त्याला हौस आहे. तो नेईल."

"जेवून घेऊ आधी," मी म्हटलं.

बागवाल्या आजींनी आम्हाला डबा उघडू दिला नाही. त्या दिवशी त्यांनी जेवायला धरूनच ठेवलं. आजोबा आणि बागवाले आजोबा ओट्यावर खुर्च्या टाकून बसले, मी आत वाढायला मदत करत होते. गॅसवर कुकर होता. बराच वेळ झाला तरी शिट्टी होईना. कडेने नुसती वाफ फुसफुसत होती आणि पाण्याचे थेंब ओघळत होते.

"वहिनी, तुमच्या कुकरची रिंग गेली," मी म्हटलं.

"रिंग नवी हाय ताई, परवाच आणली." त्यांनी गॅस बंद केला, वाफ जाऊ दिली, झाकण काढलं आणि रिंगवरून बोट फिरवलं. मग मोठ्याने म्हणाल्या, "हे बघा! शीत! कालच्या भाताचं शीत चिकटून बसलंय रिंगला. एवढंसं शीत, आणि अख्खा कुकर अडवून ठेवला मेल्यानं."

ओट्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मी बाहेर आले तर आजोबा उभे होते. माझ्याकडे पाहत होते, पण मी त्यांना दिसत नव्हते.

"अगं," ते म्हणाले, "आपण टोपण उघडलं होतं."

"कधी?"

"नवमीला."

आणि ते चप्पल न घालता शेडकडे चालायला लागले. बागवाले आजोबा मागोमाग, "अरे, काटे आहेत साहेब, काटे!" असं ओरडत. मी त्यांच्या मागे, हातात त्यांच्या चपला. सगळ्यात मागे बागवाल्या आजी, हातात कुकरची रिंग तशीच.

आजोबांनी टेपवर साबणाचं पाणी ओतलं, ब्रशसुद्धा घेतला नाही. फुग्यात उरलेली थोडी हवा होती. टेपच्या कडेला, हिरव्या खुणेच्या अगदी शेपटाशी, एक बारीक बुडबुडा आला. फुटला. त्याच जागी दुसरा आला. बुडबुडा पाहून इतका आनंद झालेली माणसं मी आधी कधी पाहिली नव्हती.

टोपण काढलं. रबरी कड्याला चिकटून, ग्रीसमध्ये बसलेला एक तांदळाचा दाणा होता. दाबून चपटा झालेला, पण कुंकू अजून लालच. तोंडावर पंजा ठेवताना आजोबांनी टोपण दुसऱ्या हातात उताणं धरलं होतं, तिथे तो येऊन पडला होता. टाकीचं तोंड त्यांनी पुसलं, टोपण पुसलं नाही.

मग बागवाल्या आजी हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्यामुळं झालं म्हणा की."

"नाही वहिनी," आजोबा म्हणाले. "टोपण मी उघडलं, मीच लावलं. भिंतीवर लिहिलंय काय, आणि मी केलं काय! मला वाटलं, पूजेसाठी उघडलं ते काही उघडणं नव्हे. काम थोडंच होतं ते?"

"म्हणजे साहेबाचा मंत्र साहेबालाच लागू झाला नाय," बागवाले आजोबा म्हणाले. "लय भारी. आता विमान तपासायला सरकारी माणूस आला की काय सांगशील? टाकीत काय दोष निघाला? तर म्हणे अक्षता!"

आजोबा हसले नाहीत. त्यांनी तो दाणा बोटाच्या टोकावर धरला होता आणि उजेडाकडे नेऊन ते त्याच्याकडे बघत होते. मग मात्र त्यांचा दुखरा खांदा हलायला लागला. मला वाटलं, कळ आली. पण ते हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चाळिशी काढून त्यांनी डोळे पुसले आणि ग्रीसचा पट्टा गालावर ओढला गेला. मी काही सांगितलं नाही. जेवताना तो तसाच होता. जेवण अर्थातच गार झालं होतं, आणि भात पुन्हा कुकरला लावावा लागला. या वेळी शिट्टी झाल्यावर चौघांनीही वर पाहिलं.

दुपारी टोपण पुसून, नवं ग्रीस लावून बसवलं. आजोबांनी जुनी टेप चुरगळून टाकून दिली, नवी लावली. साबण लावला, थांबले, पुन्हा पाहिलं आणि मग हिरवी खूण केली. लाल फुगा ताणून ताणून थकला होता, म्हणून मी पाकिटातून दुसरा देऊ केला. ते म्हणाले, "नको. हाच राहू दे. याने खरं सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं. फुगा उभा होता. गारव्याने थोडा मऊ पडला होता, बोट लावलं की डुलत होता. ऊन पत्र्यावर आलं तसा तो पुन्हा फुगत गेला, आणि आम्ही डब्यासोबत आणलेला चहा पीत त्याच्याकडे बघत बसलो. अंबडच्या मुलाला फोन करायचा विषय कुणी काढला नाही. थोड्या वेळाने आजोबा म्हणाले, "पुस्तक आणलंयस ना? पंख जोडायचं कुठून सुरू होतं ते वाच." आणि ते रिकाम्या ट्रेमध्ये पाने काढायला लागले. मोजून.

भिंतीवरच्या दुसऱ्या नियमाखाली आता एक ओळ वाढली आहे. 'पूजेसाठी उघडलं तरी उघडलंच.' खडू त्यांचा, अक्षर माझं, कारण खांदा वर होत नाही. बागवाल्या आजींनी ती वाचली आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "म्हणजे भावजी, पुढच्या नवमीला मी तांदूळ आणायचे का नाय? आधीच सांगा."

"आणा की," आजोबा म्हणाले. "पण मोजून आणा, आणि मोजून परत न्या."